साधी मोटर

"हे सुरू हाय का?" आबांनी विचारलं.

"सुरू आहे ना, काका."

"मंग आवाज कोठी हाय?"

सेल्समनचा चेहरा उजळला. त्याला हा प्रश्न रोज हवाच असणार. "तीच तर याची खासियत आहे. इन्व्हर्टर एसी आहे, आत बीएलडीसी मोटर. रात्री झोपलात तर चालू आहे हे कळणारसुद्धा नाही."

"अन् बंद पडला तरी कळनार नाही," आबा म्हणाले.

तो हसला, मीही हसले. मग आबांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि भर दुकानात, स्टँडवर लावलेल्या त्या एसीला कान लावून डोळे मिटून उभे राहिले. पलीकडे फ्रिज बघणारं एक जोडपं फ्रिज सोडून आम्हालाच बघायला लागलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांना मात्र चारचौघांची लाज कधी वाटलीच नाही. त्यांनी उभा जन्म अकोल्यात पिठाची गिरणी चालवली. गिरणीच्या मागेच आमचं घर. जेवता जेवता ताटावरून उठायचे, "मोटर रडून राह्यली" म्हणायचे आणि गिरणीत जायचे. आम्हा पोरांना त्या धडधडीत कालच्यापेक्षा वेगळं काहीही ऐकू यायचं नाही. पुढे गिरणी विकली, पण कान काही विकला नाही.

आपण एसी का घेतोय हे मला माहीत होतं आणि ते आबांना कळू द्यायचं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला, प्रफुल्लला, आत बोलावून सांगितलं होतं. लिव्हरचा कॅन्सर, तोही पसरलेला. उपचाराने हाल वाढतील, हाती काही लागणार नाही. "हा उन्हाळा," एवढंच ते म्हणाले. आमच्याकडे आजाऱ्याला असल्या आजाराचं नाव सांगत नाहीत. हे कोणी बसून ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. बाहेर बाकावर आबा आणि आई बसले होते. आई त्यांना पदराने वारा घालत होती. मी हसत बाहेर आले आणि म्हणाले, "काही नाही, लिव्हरला सूज आहे. औषधाने उतरेल." प्रफुल्ल चहा आणतो म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही.

कूलरच्या ओल्या हवेने आबांचा खोकला वाढत होता, म्हणून एसी. पैसे प्रफुल्लने पुण्याहून पाठवायचे, कारण बोनसचं सांगायचं, आणि मी अमरावतीहून येऊन खरेदी करून द्यायची, असं आम्हा दोघांचं ठरलं. जन्मभर पीठ आणि ऊन खाल्लेल्या माणसाचे शेवटचे दिवस थंडाव्यात जावेत, यापलीकडे आम्हाला काही नको होतं. त्यातली मोटर कोणती, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. सगळ्यात भारीतला घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीत लावून टाकायचा.

आबांना मात्र कसलीच घाई नव्हती.

"याची मोटर जयली तं?" त्यांनी कान काढून विचारलं.

"काका, जळेल कशाला?"

"मोटर हाय बापा. आज ना उद्या जयतेच. जयली तं भरून भेटते का?"

पोरगा गोंधळला. मी म्हणाले, "वाइंडिंग नव्याने करून मिळतं का, असं विचारतायत."

"नाही हो. ही मोटर बाहेर कोणी उघडत नाही. जळली तर पूर्ण बदलायची. आणि ती चालते पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटवर." पोरगा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "वॉरंटी संपल्यावर पीसीबी आणि मोटर दोन्ही गेलं, तर बऱ्यापैकी खर्च येतो. लोक मग नवीनच घेतात."

"अन् आपल्या इथली लाइन तं अशी, की घडीत जाते, घडीत येते. वॉरंटी कितीक सालाची हाय?"

"पीसीबीला पाच वर्षं. कॉम्प्रेसरला दहा."

"दहा वर्सानं तुमची कंपनी असन का दुरुस्तीले?"

"असेल ना, काका!"

"तू असशीन का इथं?"

पोरगा ओशाळून हसला. दहा वर्षं हा शब्द आबा असा उच्चारत होते, जणू तो त्यांच्या खिशातच आहे.

"आबा, दहा वर्षांचं आत्ता कशाला?" मी म्हणाले. "थंड हवा आली म्हणजे झालं."

"काहून? एवढी भारी वस्तू घ्याची अन् पुढचं पाह्याचं नाही?" ते म्हणाले. "तू बँकेत कायचं शिकली मंग?"

मी पाणी पिऊन येते म्हणून दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि त्यांची टोपी तोंडावर दाबून उभी राहिले. गिरणी विकून इतकी वर्षं झाली तरी त्या टोपीला पिठाचा वास येत होता. थोडी सावरल्यावर मी प्रफुल्लला फोन लावला.

"ते साधा एसी मागतील असं दिसतंय," मी म्हणाले. "इन्व्हर्टर नको म्हणतायत. दुरुस्तीचा खर्च विचारतायत."

"अगं, साधा कशाला? तो वीज किती खातो! समजाव ना त्यांना. इन्व्हर्टर महाग वाटतो, पण चार-पाच वर्षांत बिलातून सगळा फरक वसूल..."

तो बोलता बोलता थांबला.

"त्यांना हवा तो घे," शेवटी तो म्हणाला.

परत आले तर आबा दुकानात नव्हते. सेल्समनने घाबऱ्याघुबऱ्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं. आबा टळटळीत उन्हात मागच्या गल्लीत उभे होते. भिंतीवर ओळीने एसींचे बाहेरचे डबे लावलेले होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या एका डब्यापाशी ते वाकले होते. डबा घुमत होता. मधेच खट् आवाज झाला, सगळं शांत झालं, आणि काही वेळाने पुन्हा खट् होऊन घुमायला लागलं. आबांच्या चेहऱ्यावर, आजारी पडल्यापासून मी न पाहिलेलं हसू होतं.

"हे पाह्य," ते म्हणाले. "ही साधी मोटर. कॅपॅसिटर गेला तं चिल्लर खर्च. वाइंडिंग जयलं तं हमीदभाई भरून देते."

"काका, याला वीज जास्त लागते," सेल्समन म्हणाला. "आवाजही करतो. हे मॉडेल आता कोणी घेत नाही."

"म्हनूनच माह्यासाठी उरलं," आबा म्हणाले.

पण लगेच पैसे भरतील तर ते आबा कसले! आधी हमीदभाईला विचारायचं म्हणाले. हमीदभाई म्हणजे स्टेशनकडच्या रस्त्यावरचे मोटर रिवाइंडिंगवाले. गिरणीची मोटर जन्मभर त्यांनीच भरली. मी वैतागले. ऑटोत बसल्या बसल्या म्हणाले, "लवकर या, ऊन किती आहे." आणि त्यांना पाठमोरं जाताना पाहत राहिले. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

हमीदभाई तांब्याची तार गुंडाळत बसले होते. आबा त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि काहीतरी बोलायला लागले. रस्त्याच्या गलक्यात मला काही ऐकू येत नव्हतं. बोलता बोलता हमीदभाईंचा हात थांबला. मग त्यांनी तार खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि आबांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसून राहिले. म्हाताऱ्यांच्या जुन्या गोष्टी निघाल्या असतील, असं मला वाटलं.

"हमीदभाई म्हनते, साधीच घ्या," आबा ऑटोत चढत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला तेव्हा पुन्हा वाद. एसी आबांच्या खोलीत लावायचा म्हणून तर सगळा खटाटोप. आबा म्हणाले, मधल्या खोलीत लावा.

"तिथं तर आई झोपते," मी म्हणाले.

"माही खोली पश्चिमेची. दुपारी भिंत तापते. तापल्या भिंतीवर डबा लावला तं मोटरवर लोड येते. मंग लवकर जयते."

"अहो, पण थंडावा तुम्हाला हवाय ना!"

"मी बाज मधल्या खोलीत घेतो. त्यात काय एवढं?"

फिटिंगवाल्यानेही मान डोलावली, म्हणजे मोटरचं कारण खरंच असणार. मग आबांनी बाहेरचा डबा थेट मधल्या खोलीच्या खिडकीला लागून बसवायला सांगितला. फिटिंगवाला म्हणाला, "बाबा, खिडकीजवळ घुर्रघुर्र येईल रात्रभर." आबा म्हणाले, "येऊ दे. पाइप कमी लागन." मी कपाळावर हात मारून घेतला. मरणाच्या दारातसुद्धा या माणसाचा चिक्कूपणा जात नाही, असं माझ्या मनात आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

एसी सुरू झाला. खिडकीबाहेर मोटर घुमायला लागली. आबांनी आईला हाक मारली, "कौतिका, इकडं ये. जाळी काढून दाखव."

आई पोळ्या टाकून आली. आबांनी तिला एसीचं झाकण उघडायला, आतली जाळी काढून नळाखाली धुवायला आणि परत बसवायला शिकवलं. ती चुकली की पहिल्यापासून. रिमोट, मेन स्विच, लाइन कमीजास्त झाली तर आधी काय बंद करायचं, हेही. मी महिनाभर रजा काढून राहिले होते. जवळजवळ रोज ही शाळा भरायची. आईचा एक खांदा आखडलेला. तिला हात वर करताना कळ यायची.

एकदा मी चिडलेच. "आबा, तिला कशाला त्रास देता? तुम्ही आहात ना!"

"मी तं हावच," आबा म्हणाले. "पन माहे गुडघे स्टुलावर चढत नाही आता."

आईने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

आबा ज्येष्ठात गेले. दुपारी, मधल्या खोलीत, त्या घुमणाऱ्या आवाजात. शेवटपर्यंत आम्ही सूज म्हणत राहिलो आणि ते "हो, उतरून राह्यली" म्हणत राहिले. तेरवीनंतर प्रफुल्ल आईला पुण्याला चल म्हणाला, मी अमरावतीला चल म्हणाले. ती म्हणाली, "माहं घर हाय ना." पुढे वर्षभर मी तिला फोन करून विचारायची, "झोप लागते ना?" ती म्हणायची, "लागते. मशीन सुरू राह्यते." थंडीतसुद्धा तिने तो थंड हवेवर चालू ठेवलेला असायचा आणि स्वतः रजईत. प्रफुल्ल वीजबिल पाहून मला फोन करायचा. मी त्याला गप्प बसवायची.

पुढच्या चैत्रात आईचा फोन आला. एवढंच म्हणाली, "बंद पडला."

मी निघून अकोल्याला गेले. तिचा अवतार बघून घाबरलेच. डोळे आत गेलेले. डबा चालू व्हायचा तो नुसता हूं करून थांबायचा. मी प्रफुल्लला फोन लावला. "आता तरी इन्व्हर्टर घे," तो म्हणाला. "दुरुस्तीत पैसे घालू नकोस. मी आजच ऑर्डर करतो. आवाज नाही, त्रास नाही. शांत झोपेल ती."

मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हमीदभाईले बोलाव."

हमीदभाई आले. वय झालं होतं, श्वास लागत होता, पण स्वतःच आले. बाहेरच्या डब्याची मोटर काढून ओट्यावर घेऊन बसले, वास घेतला आणि म्हणाले, "वाइंडिंग गेलं. भरून देतो."

मी म्हणाले, "हमीदभाई, खरं सांगा. यापेक्षा नवीन चांगल्या मोटरचा एसी घेतलेला बरा नाही का? प्रफुल्ल म्हणतो आहे."

त्यांनी मान वर केली. "बेटी, तुहे आबा वामनराव माह्या दुकानात येऊन बसले होते. तू ऑटोत होती."

"हो. तुम्ही म्हणालात साधीच घ्या."

"मी काहीच म्हनलो नाही. तेच म्हनले. म्हने, हमीद, माहा हा शेवटचा उन्हाळा. पोरं शहरात, कौतिका एकटी राहीन. तिले गिरणीच्या आवाजात झोपाची सवय, मंग माह्या कूलरची. घर चूप झालं तं तिले झोप येनार नाही. कूलरमधी पानी टाकाले तिचा खांदा उठत नाही. तं अशी मोटर सांग, जे वाजन बी, अन् जयली तं तू जिता हाय तवरी तुह्या हातानं उठन बी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे आबांना माहीत होतं?"

हमीदभाईंनी आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"डॉक्टर लेकराइले आत बोलावते अन् मायबापाले बाहेर बसवते," ती म्हणाली, "मंग कळत नाही का? तू हासत बाहेर आली. तू तशी हासत नाही कधी."

"तुलाही माहीत होतं?"

"त्याच दिवशी. गाडीत त्याईनं माहा हात दाबला."

"मग बोललात का नाही? एवढे दिवस आम्ही... आम्ही दोघं खोटं बोलत होतो तुमच्याशी!"

"ते म्हनत, पोराइले सांगू नको आपल्याले माहीत हाय म्हनून. त्याइचा जीव तेवढ्यावर टिकला हाय. राहू दे." आईने पदराने डोळे पुसले नाहीत, नुसता पदर हातात धरला. "तुमी सूज म्हना, की ते मले म्हनत, पाह्य, आपली पोरं किती जपते."

मला जे रडू फुटायला हवं होतं ते फुटलं नाही. मी ओट्यावर बसून राहिले. दुकानामागच्या गल्लीत, उन्हात वाकलेले आबा मला दिसत होते आणि त्यांचं ते हसू.

हमीदभाईंनी मोटर नेली आणि नव्याने भरून, बेअरिंग बदलून परत आणली. एवढं सुबक काम क्वचित पाहायला मिळतं. त्यांनी ती बसवली आणि मेन स्विच दाबला. खट् झालं. मोटर फिरायला लागली. आवाज इतका हलका, की खिडकीपाशी उभं राहूनही नीट ऐकू येत नव्हता.

"मख्खन," हमीदभाई म्हणाले. "भाभी, सुनो. बराबर?"

आई खिडकीपाशी आली. गजांना कान लावून, डोळे मिटून उभी राहिली. अगदी आबा दुकानात उभे होते तशी. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली.

"हा तो आवाज नाही," ती म्हणाली.

हमीदभाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाना काढला आणि ज्या पट्टीवर मोटर बसवलेली असते तिचा एक नट थोडा सैल केला. पट्टी थरथरायला लागली. घुमणं थोडं वाढलं. आईने पुन्हा मान हलवली. त्यांनी आणखी थोडा सैल केला.

"आता?"

आईने डोळे उघडले. "हो," ती म्हणाली. "आता हाय."

हमीदभाईंनी पाना पिशवीत टाकला. "उभ्या जिंदगीत कोनाचं काम बिघडवून दिलं नव्हतं," ते मला हळूच म्हणाले, "हे पहिलंच." आणि रुमालाने डोळे पुसत पायऱ्या उतरले.

मी आत आले. भर दुपारची वेळ होती. आई मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. शेजारी आबांची बाज तशीच होती, चादर घातलेली. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, "आई, पाणी देऊ का?" उत्तर आलं नाही. इतक्या दिवसांची जागी असलेली माझी आई झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात आबांच्या बाजेच्या लाकडावर.

मग मला रडू फुटलं. आबा गेले तेव्हा आले नव्हते तेवढे हुंदके आले, मोठमोठ्याने, आवरता न येणारे. बाहेर मोटर घुमत होती. त्या आवाजात आईला ते ऐकू गेले नाहीत.